रोजच्या जगण्यात चमत्कार ओळखायचा कसा?

ख्रिस्ती माणसं आजही चमत्कार मानतात का आणि मानत असतील तर खरा कुठला हे ओळखतात कसं, असं तुम्ही विचारलंय. त्याखाली लिहिलंय की तुमच्या आत्याला एका प्रार्थनासभेत ‘तू बरी झालीस’ असं सांगितलं आणि तिने इन्सुलिन बंद केलं. म्हणून पहिलं काम पहिलं. तिच्या डॉक्टरांना आजच फोन करा. टाइप 1 मधुमेह असेल तर इन्सुलिन थांबल्यावर काही दिवसांतच जिवावर बेततं. बाकीचं उत्तर त्यानंतर वाचलंत तरी चालेल.

मी भायखळ्याच्या एका मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढलो. आजोबा नगरकडून गिरणीत कामाला आले ते इथलेच झाले. नारायण वामन टिळकांची गीतं म्हणत मोठा झालो आणि रविवारी उपासनेत लोक उभं राहून साक्ष देतात, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगतात, ती लहानपणापासून ऐकत आलो. चमत्कार होतात यावर माझा विश्वास आहे, मनापासून आहे.

पण येशूने चमत्कार कसे केले ते नीट वाचा. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, सतराव्या अध्यायात, दहा कुष्ठरोगी त्याला लांबूनच हाका मारतात. तो त्यांना ‘बरे झालात, जा घरी’ म्हणत नाही, याजकांना, म्हणजे यहुदी पुरोहितांना, जाऊन दाखवा म्हणतो. त्या काळी कुष्ठरोगी शुद्ध झाला की नाही हे तपासून सांगायचा अधिकार याजकाचा होता. म्हणजे बरं करणारा स्वतःच तपासणीला पाठवतो! आणि ही गोष्ट सांगणारा लूक पेशाने वैद्य होता, तसं बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या पत्रात आलंय. तपासणीला जो घाबरतो तो चमत्कार येशूच्या पद्धतीचा नव्हे, ही माझी पहिली खूण.

कॅथलिक लोक फ्रान्समध्ये लूर्दला जातात, तिथे तर डॉक्टरांचं कार्यालयच आहे. 1858 पासून 7000 हून जास्त दावे आले आणि चर्चने चमत्कार म्हणून मान्य केले ते 70 च्या आसपास. मला हा काटेकोरपणा फार आवडतो. आपल्याकडे 2012 मध्ये विलेपार्ल्याजवळ इर्ल्याच्या चर्चमध्ये क्रूसावरच्या मूर्तीच्या पायातून पाणी ठिबकायला लागलं, लोकांनी ते तीर्थ म्हणून घेतलं. सनल एडामारुकू या बुद्धिवादी कार्यकर्त्याने पाहणी करून सांगितलं की जवळच्या तुंबलेल्या गटाराचं पाणी केशाकर्षणाने भिंतीतून वर चढतंय. त्याच्यावर पोलिसांत तक्रारी झाल्या आणि शेवटी तो देश सोडून गेला. एक ख्रिस्ती म्हणून मला त्या तक्रारींचं आजही वाईट वाटतं. लोक गटाराचं पाणी पीत होते हो! ज्याने ते थांबवायला सांगितलं त्याचे आभारच मानायला हवे होते.

आता त्या दहा जणांकडे परत येऊ. दहाही बरे झाले, परत आला एकच, तोही शोमरोनी, म्हणजे ज्यांना यहुदी लोक आपल्यात धरत नसत त्यांच्यातला. येशू विचारतो, बाकीचे नऊ कुठे आहेत? चमत्कार दहांच्याही अंगावर घडला होता. तो कोणी केला हे त्या एकालाच दिसलं. म्हणून ओळखण्याचा प्रश्न माझ्या मते इथे येतो. जे घडलं त्याने माणूस कुणाकडे वळला? देवाकडे आणि माणसांकडे वळला, की स्टेजवरच्या माणसाच्या बँक खात्याकडे?

माझ्या घरातलं सांगतो. बाबा आणि काका माझगावच्या चाळीतल्या एका खोलीवरून कित्येक वर्षं बोलत नव्हते. एकाच देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, यायचे, दोन टोकांच्या बाकांवर बसायचे. आमच्यात रीत आहे की भावाशी वैर ठेवून प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत वाटली जाणारी भाकर, घेऊ नये, त्यामुळे प्रभुभोजनाच्या रविवारी दोघंही नुसतेच बसून राहायचे. एका रविवारी भाकर फिरायच्या आधी काका उठले, मधली वाट ओलांडून बाबांच्या बाकापाशी आले आणि उभे राहिले. बाबा काही बोलले नाहीत. थोडे सरकले आणि हातातलं गीतांचं पुस्तक दोघांना दिसेल असं मध्ये धरलं. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, क्षणभर थांबले, मग त्यांनी पुढे चालू केलं. खोलीचा निकाल पुढे कधीतरी लागला, तो काकांच्या बाजूने लागला आणि बाबांनी तो मानला. मध्यस्थी करून करून सगळे नातेवाईक थकले होते. याला मी चमत्कार म्हणतो आणि त्यासाठी मला कुठल्याही प्रयोगशाळेचा दाखला नको.

आणि आई कर्करोगाने गेली. त्याच मंडळीने प्रार्थना केल्या, उपास केले, टाटाच्या बाहेर आमच्याबरोबर रात्री काढल्या. विश्वास कमी पडला असं आम्हाला तेव्हा कोणीतरी म्हणालं, ते मी कधीच मान्य केलं नाही. पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला सतत छळणारं काहीतरी, जावा म्हणून देवाला तीनदा विनंती केली, काटा गेला नाही. पौलाचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल?

आत्याशी बोलताना बुद्धिवादाचे मुद्दे काढू नका, ती कानच बंद करेल. तिला मत्तयचा चौथा अध्याय वाचायला सांगा. सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि म्हणतो, उडी टाक, देवदूत तुला झेलतील. वर शास्त्रातलं वचनही म्हणून दाखवतो. येशू उडी टाकत नाही, देवाची परीक्षा पाहायची नाही असं सांगतो. इन्सुलिन बंद करून बघणं म्हणजे ती उडी आहे, आणि सभेत वचन म्हणून दाखवलं म्हणून ती विश्वास ठरत नाही.

इन्सुलिन पहिल्यांदा माणसाला दिलं ते जानेवारी 1922 मध्ये, टोरांटोत, 14 वर्षांच्या एका मुलाला. त्याआधी असं मूल हातातून जायचंच. शोध लावणाऱ्यांनी पेटंट विद्यापीठाला नाममात्र एकेका डॉलरला देऊन टाकलं. आत्याच्या फ्रिजच्या दारात जी कुपी आहे तिच्यासाठी मी तरी देवाची उपकारस्तुतीच करीन.

तिच्या नेहमीच्या पाळकांना बरोबर घ्या, बहुतेक पाळक अशा वेळी औषध सुरू ठेवा असंच सांगतात. उपाशीपोटी साखर आणि एचबीएवनसी करून घ्या. दुसऱ्या तपासणीत साधारण तीन महिन्यांची सरासरी कळते, त्यामुळे एका दिवसाच्या आकड्यावर वाद होणार नाही. डोस कमी करण्यासारखी साखर खरंच उतरली असेल तर ते डॉक्टर ठरवतील, आणि मग आत्याने खुशाल साक्ष द्यावी.

तिचं नाव इथे लिहू नका. मी आमच्या शुक्रवारच्या प्रार्थनेत ‘एक आत्या’ एवढंच सांगून विनंती देतो. डॉक्टर काय म्हणाले ते मात्र नक्की कळवा.