अंधेरीला ऑफिस आहे, पालघर-बोईसर साइडला घर घेऊन रोज अप-डाऊन जमेल का? कुठलं स्टेशन बघू?

तुम्ही लिहिलंय की अंधेरीला नोकरी आहे, आत्ता नालासोपाऱ्यात भाड्याने राहताय, आणि पालघर किंवा बोईसरला स्वतःचा वन बीएचके बजेटमध्ये बसतोय, तर डहाणू लोकलने रोजचं जाणं-येणं झेपेल का. मी सफाळ्याची, माहेर-सासर दोन्ही याच लाइनवर, आणि नोकरी मुंबईत, त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते.

जमतं. आमच्याकडची कितीतरी माणसं वर्षानुवर्षं करतायत. पण बिल्डरच्या बोर्डावर जे लिहिलेलं असतं ना, विरारपासून फक्त पस्तीस-चाळीस मिनिटं, त्यावर जाऊन ठरवू नका. ते खोटं नाहीये, गाडीत बसल्यावर तेवढाच वेळ लागतो. प्रश्न गाडीत बसण्याआधीचा आहे. नालासोपाऱ्यात तुम्ही प्लॅटफॉर्मवर आलात आणि लोकल सुटली तर पुढची दहा मिनिटांत येते, तुम्हाला टाइमटेबल पाठ असायची गरज नाही. आमच्याकडे एक लोकल चुकली की पुढची कधी अर्ध्या तासाने, कधी तासा-दीड तासाने. म्हणून इथे घर बघताना किलोमीटर बघू नका, तुमच्या ऑफिसच्या वेळेला कुठली गाडी आहे आणि ती चुकली तर मागून काय आहे ते बघा.

हे असं का, ते समजून घेतलं तर निर्णय सोपा जाईल. चर्चगेट ते विरार साधारण ६० किमी आणि विरार ते डहाणू रोड पुन्हा ६४ किमी, म्हणजे अंतर जवळपास सारखंच. पण विरारपर्यंत चार ट्रॅक आहेत आणि विरारच्या पुढे दोनच, एक जायचा एक यायचा. त्याच दोन ट्रॅकवरून राजधानी जाते, वंदे भारत जाते, गुजरात-राजस्थान-दिल्लीकडच्या सगळ्या मेल-एक्सप्रेस जातात, मालगाड्या जातात, आणि जी फट उरेल त्यात आमची लोकल. संध्याकाळी पालघरला किंवा बोईसरला गाडी लूप लाइनला, म्हणजे बाजूच्या ट्रॅकला घेतात आणि उभी करून ठेवतात, पंखे चालू, दारातली माणसं खाली उतरून उभी, कोणीतरी वाकून मागे सिग्नल बघतंय, मग अनाउन्समेंट होते की थ्रू गाडी जाणार आहे, प्लॅटफॉर्मच्या कडेपासून लांब राहा, ती धडधडत निघून जाते, अख्खा प्लॅटफॉर्म हलतो, आणि त्यानंतरही सिग्नल लगेच मिळेल असं नाही. पुढे मालगाडी असेल तर अजून पाच-दहा मिनिटं. लहान मुलं घरी वाट बघत असली की ही दहा मिनिटं फार जीवावर येतात. हे रोज होतं असं नाही पण होतं, ते धरूनच चालायचं.

आणि लोकल इकडे आली तीच मुळात १६ एप्रिल २०१३ ला. त्याआधी विरार म्हणजे शेवट. विरारपर्यंत विजेची गाडी १९३६ सालीच आली होती, पण मुंबईची लाइन १५०० व्होल्ट डीसीवर आणि विरारच्या पुढची २५ हजार व्होल्ट एसीवर, त्यामुळे साधी लोकल विरारच्या पुढे येऊच शकत नव्हती. २०१२ मध्ये चर्चगेट-विरार पूर्ण एसीवर आली आणि मग वर्षभरात आमच्याकडे लोकल सुरू झाली. त्याच्या आधी शटल असायची, इंजिनवाली, विरारला उतरून पळत जाऊन लोकल पकडायची. आमच्या वडिलांच्या वयाची माणसं आजही लोकलला शटलच म्हणतात. मेमू (विजेवरच्या पॅसेंजर गाड्या) आजही आहेत, आणि एक्सप्रेसपैकी फ्लाइंग राणी ही पालघरवाल्यांची अगदी घरची गाडी, १९७९ पासून तिला डबल डेकर डबे होते, ते २०२३ ला काढले तेव्हा इकडे कितीतरी जण शेवटच्या दिवशी मुद्दाम बघायला आले होते. तुम्हीही पास काढताना एक्सप्रेसचा विचार करून ठेवा, कारण पासवाल्यांना चालणाऱ्या गाड्या आणि डबे ठरलेले असतात, सुपरफास्टसाठी पासवर सरचार्ज वेगळा भरावा लागतो, आणि रिझर्व्हेशनच्या डब्यात पास चालत नाही. गॅप भरून काढायला लोकलपेक्षा ह्याच गाड्या जास्त कामाला येतात, पण त्या सगळीकडे थांबत नाहीत. इथेच स्टेशनचा मुद्दा येतो.

विरारनंतर स्टेशनं अशी: वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव, डहाणू रोड. ह्यातली पालघर, बोईसर आणि डहाणू रोड सोडली तर बाकी ठिकाणी बहुतेक एक्सप्रेस थांबतच नाहीत. म्हणजे उमरोळीला फ्लॅट दोन-तीन लाखांनी स्वस्त मिळाला तरी तिथे तुम्ही फक्त लोकल-मेमूच्या भरवशावर. पालघरला तुमच्याकडे एक गाडी चुकली तर दुसरी काहीतरी असण्याची शक्यता बरी असते. १ ऑगस्ट २०१४ ला जिल्हा झाल्यापासून पालघरला सरकारी ऑफिसं, हॉस्पिटलं, शाळा-कॉलेजं सगळंच वाढलंय, एसटी स्टँड स्टेशनपासून चालत आहे. सकाळी तर उलटीच गर्दी असते, वसई-बोरिवलीहून कलेक्टर ऑफिस, झेडपीत काम करणारे लोक पालघरला उतरतात.

बोईसरचं गणित वेगळं. तिथे तारापूर एमआयडीसी आणि अणुऊर्जा केंद्र (तिथली पहिली दोन युनिट १९६९ मध्ये सुरू झाली), त्यामुळे स्टेशनवर शिफ्टची गर्दी, रिक्षा रात्री उशिरापर्यंत, घरं भरपूर आणि भाड्याने द्यायला पण सोपी. हवेचा त्रास मात्र आहे, केमिकलच्या कंपन्या आहेत, एमआयडीसीच्या बाजूला घर बघत असाल तर रात्री जाऊन वास बघा, हे मी मनापासून सांगते, लहान मूल असेल तर नक्कीच. पालघरपेक्षा बोईसर अकरा-बारा किमीच पुढे आहे पण त्या दोघांच्या मध्ये गाडी साइडला टाकली की तेच अंतर मोठं वाटतं.

डहाणू रोडचा फायदा एकच, गाडी तिथूनच सुटते म्हणून सकाळी सीट. पण अंधेरीसाठी मी सांगणार नाही, विरारपर्यंतच सव्वा ते दीड तास जातो. वाणगावला वाड्या सुंदर, ढोबळी मिरचीचं गाव, राहायला स्वर्ग, रोजच्या नोकरीला अवघड. केळवे रोडला उतरलात की केळवे गाव आणि बीच अजून लांब, टमटम मिळेपर्यंत थांबायचं. वैतरणा विरारला सगळ्यात जवळ, पण स्टेशनबाहेर फार काही नाही. आणि आमचं सफाळे, मला अर्थातच लाडकं आहे, बाजारपेठ स्टेशनला लागूनच, मागे तांदुळवाडीचा किल्ला, पण एक गोष्ट माहीत असू दे.

सफाळे आणि विरारच्या मध्ये वैतरणा खाडी आहे आणि तिच्यावर पूल आहे तो फक्त रेल्वेचा. गाडीने विरार-सफाळे पंधरा-वीस किमी, पण रस्त्याने जायचं तर हायवेला मनोरकडून वळसा घालून साठेक किमी पडतं. गाड्या बंद पडल्या की विरारला अडकलेला माणूस रिक्षा करून घरी येईल असं नाही होत. २०२५ मध्ये विरारच्या मारंबळपाड्याहून सफाळ्याकडच्या जलसारला रो-रो बोट (गाड्याही वाहून नेणारी) सुरू झाली, तिचा खूपच आधार झाला, बाइकसकट येता येतं, पण ती काही मध्यरात्री तुमच्यासाठी उभी नसते. आणि ह्याच खाडीत वाढीव बेट आहे, तिथल्या लोकांना तर वर्षानुवर्षं होडी नाहीतर रेल्वेचा पूल हाच रस्ता. पुलाच्या बाजूने चालत शाळेची मुलं, दुधवाले, आजारी माणसं स्टेशन गाठतात, शेजारून एक्सप्रेस जाते. माणसं गेलीयत त्या पुलावर. गाडीतून जाताना पुलावर कोणी अंग चोरून उभं दिसलं की डब्यातली बोलणी थांबतात. त्यांना चालायला धड रस्ता मिळायला हवा, चौपदरीकरणाच्या (विरारपुढे दोनाचे चार ट्रॅक करायच्या) कामात हा विषय सगळ्यात आधी यायला हवा असं मला वाटतं.

पावसाळ्याचं विचाराल तर गंमत अशी नाही की लांब म्हणून आमच्याकडे जास्त पाणी भरतं. पाणी भरतं ते तुमच्याच नालासोपारा-वसईच्या पट्ट्यात, जुलै २०१८ ला तर गाड्या तिथेच अडकून पडल्या होत्या. पण तुम्ही पालघरला राहिलात तर तो पट्टा तुमच्या आणि ऑफिसच्या मधे येतो. वर्क फ्रॉम होमचे दिवस पावसाळ्यासाठी राखून ठेवता आले तर ठेवा.

आता गर्दी. सकाळी पालघरहून चढलात तर उभं राहायला व्यवस्थित जागा मिळते, विरार आलं की डबा भरतो, आणि थेट लोकल असेल तर पालघर ते अंधेरी एकूण दीड ते पावणेदोन तास. खरी परीक्षा संध्याकाळी. थेट चर्चगेट-दादरहून येणाऱ्या डहाणू लोकल मोजक्याच, आणि अंधेरीला येईपर्यंत त्यात वसई-विरारवाले आधीच भरलेले असतात. त्यांच्यावर राग धरण्यात अर्थ नाही, त्यांनाही घरी जायचंय, तुम्ही आज स्वतः त्यातलेच आहात. पण त्यांच्यामागे पाचव्या मिनिटाला विरार लोकल असते आणि आमच्यामागे तासभर काही नसतं, एवढं कोणी समजून घेतलं तर डोळ्यात पाणी येतं. बरेच जण काय करतात, आधीची विरार लोकल पकडून विरारला येतात आणि तिथून सुटणारी डहाणू पकडतात. हे बरं पडतं, फक्त कनेक्शनला पंधरा मिनिटं तरी हातात ठेवा.

ह्या लाइनीचं चांगलंही सांगायला हवं, नाहीतर फक्त त्रासच वाचून तुम्ही घाबराल. डबा ओळखीचा होतो. गाड्या कमी म्हणून तीच माणसं रोज त्याच दारात भेटतात, कोणी दोन दिवस दिसलं नाही तर फोन जातो. मे संपत आला, पहिला पाऊस तोंडावर आला की आदिवासी बायका शेवळं ही रानभाजी घेऊन चढतात, पानात बांधलेल्या जुड्या, सोबत काकडं (छोटी आंबट फळं) मोजून देतात कारण काकडांशिवाय शेवळं घशाला खाजतात. लेडीज डब्यात सीटवर बसलेल्या बायका तिथेच पिवळा भाग काढून टाकत साफ करायला लागतात, बाजूची नवीन मुलगी विचारते हे काय, मग तिला अख्खी रेसिपी मिळते, कोलंबी घालायची की चण्याची डाळ ह्यावर सफाळे ते विरार चर्चा चालते. उन्हाळ्यात ताडगोळे, हिवाळ्यात चिकू. नालासोपाऱ्याच्या पावणेआठच्या फास्टमध्ये हे तुम्हाला मिळणार नाही.

बिल्डर तुम्हाला दोन गोष्टी सांगतील. एक, बुलेट ट्रेनचं स्टेशन बोईसरला होतंय. होतंय, विरारला पण होतंय, पण ती मुंबई-अहमदाबाद गाडी आहे, रोज पासवर अंधेरीला जायची नाही, तिच्यासाठी जास्त पैसे मोजू नका. दुसरं, विरार-डहाणू चौपदरीकरण. हे मात्र खरंच महत्त्वाचं आहे. एमयूटीपी-३ मध्ये (मुंबईच्या रेल्वे सुधारणेचा तिसरा टप्पा) डिसेंबर २०१६ ला मंजूर झालं, काम चालू आहे, खाडीवर नवीन पूल उभे राहतायत ते गाडीतून दिसतात. ते पूर्ण झालं की मेल-मालगाडी एका जोडीवर आणि लोकल दुसऱ्या जोडीवर, मग वर लिहिलेलं निम्मं रडगाणं संपेल. पण आम्ही इतकी वर्षं वाट बघतोय, की ईएमआय आज सुरू होणार असेल तर हिशोब आजच्या टाइमटेबलवरच करा.

माझं मत विचाराल तर पालघर, आणि तेही स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांच्या आत, भले घर थोडं लहान घ्यावं लागलं तरी. रात्री गाडी लेट झाली की शेअर रिक्षा लवकर भरत नाही आणि एकट्याने स्पेशल करून जायचं तर महिन्याचं बजेट बिघडतं, घर स्वस्त घेऊन वाचवलेले पैसे त्यातच जातात. ऑफिसची वेळ फिक्स असेल तर बोईसरही चालेल. रोटेशन शिफ्ट असेल, रात्री दहानंतर सुटत असाल, तर सध्या घेऊ नका, विरारमध्येच बघा. आणि साइट बघायला रविवारी बिल्डरच्या गाडीतून जाऊ नका. मंगळवारी किंवा बुधवारी ऑफिस सुटल्यावर अंधेरीहून निघा, मिळेल ती गाडी पकडत पालघरला उतरा, त्या बिल्डिंगच्या गेटपर्यंत जा आणि घड्याळ बघा. जमलं तर दुसऱ्या दिवशी पहाटे तिथूनच ऑफिसला निघा, पालघरला स्टेशनजवळ साधे लॉज आहेत. मिसेसना पण सोबत न्या, कारण तुम्ही गाडीत असताना तिथे दिवसभर त्याच राहणार आहेत.