सात-बारावर बोजा चढवायच्या आधी

पंढरपूर तालुक्यातल्या एका मुलीचं पत्र आलंय. बारावी झाली, सीईटीला ९१ पर्सेंटाइल. पुण्यातल्या एका नामांकित खाजगी विद्यापीठात कॉम्प्युटरला जागा मिळतेय. फी आणि हॉस्टेल धरून वर्षाला साडेपाच लाख. सांगली जिल्ह्यातल्या एका छोट्या कॉलेजात हीच शाखा कॅप राउंडमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून) मिळालीय, आणि ते कॉलेज हॉस्टेल-मेसचा खर्चही शिष्यवृत्तीतून देऊ म्हणतंय. घरची डाळिंबाची बाग, उत्पन्न ८ लाखांच्या आत, प्रवर्ग ओबीसी. वडील म्हणतात, ‘दोन एकर गहाण पडली तरी चालतील, पण पोरगी नाव असलेल्या ठिकाणीच शिकणार.’ ती लिहिते, ‘मावशी, पुण्याला गेले नाही तर मैत्रिणींसमोर कमीपणा वाटेल, गेले तर बाबांकडे बघवणार नाही. काय करू?’

पोरी,

माझं मत आधीच सांगते. सांगलीकडचं कॉलेज घे. फक्त त्या शिष्यवृत्तीचं पत्र नीट वाचल्याशिवाय नको.

माझा धाकटा भाऊ इंजिनिअरिंगला गेला तेव्हा आमच्या वडिलांनी विहिरीजवळचा तुकडा गहाण टाकला होता. पहिल्याच सेमिस्टरला त्याचे एम-वन (गणित) आणि ग्राफिक्स हे दोन्ही विषय राहिले. पहिल्या वर्षी हे कित्येकांचं होतं, पुढे निघतातही. पण त्याने आठ महिने घरी चकार शब्द काढला नाही. दिवाळीला आला, तर वडील ‘चल, विहिरीवर जाऊन येऊ’ म्हणाले की याचं डोकं दुखायचं. धुवायला टाकलेल्या शर्टाच्या खिशात मला त्याचं गुणपत्रक सापडलं. इतक्यांदा उघडून मिटलेलं, की घड्यांवर फाटायला आलं होतं. पुढे कर्ज फिटलं, जमीनही सुटली. ते आठ महिने मात्र अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. बापाची जमीन अडकवून शिकणाऱ्या पोराला ‘मला जमत नाहीये’ एवढं साधं वाक्य घरी बोलता येत नाही. आणि अठराव्या वर्षी ते बोलायची वेळ येतेच गं.

आता हिशेब. पुण्याचे चार वर्षांचे २२ लाख होतात. त्यातले १५ लाख कर्ज धर. १० टक्के व्याजाने १० वर्षांत फेडायचं तर महिन्याला जवळजवळ २० हजार हप्ता, आणि शिकत असतानाचं व्याज यात धरलेलंच नाही. पहिल्या पगारातून पुण्यात राहून-खाऊन हे निघालं नाही, तर हप्ता बागेवर येणार. डाळिंबावर तेल्या रोग आला की त्या वर्षी बागेचं काय होतं, ते तू माझ्यापेक्षा जास्त बघितलंयस.

बाबांना कदाचित माहीत नसेल अशी एक गोष्ट. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएसमधल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. प्रवेश कॅपमधून हवा. खाजगी आणि अभिमत विद्यापीठं यातून वगळलेली आहेत. म्हणजे तुझ्या पुण्याच्या जागेला ही सवलत नाही, सांगलीच्या जागेला आहे, आणि कॉलेजने काही दिलं नाही तरी आहे. म्हणून तिथे पहिला प्रश्न हा विचार: तुम्ही शिष्यवृत्ती म्हणताय त्यातलं सरकारचं किती आणि तुमचं स्वतःचं किती? हॉस्टेल-मेसची रक्कम चारही वर्षांची, लेखी मिळाली पाहिजे. मग अट बघ. दर सेमिस्टरला ८ च्या वर एसजीपीए (त्या सेमिस्टरच्या गुणांची सरासरी) आणि एकही बॅकलॉग, म्हणजे राहिलेला विषय, नको, अशी काही अट असेल तर एकदा घसरल्यावर शिष्यवृत्ती कायमची जाते की गुण सुधारल्यावर परत मिळते, हे विचार. कायमची जात असेल तर उरलेल्या वर्षांचा मेसचा खर्च गहाणाशिवाय झेपेल का, हे बाबांसोबत बसून ठरव. तिथे झेपत नसेल तर माझाही सल्ला बदलेल.

मोठ्या नावाचा उपयोग नसतो असं मी म्हणणार नाही. कॅम्पसवर कंपन्या जास्त येतात, सीनिअर्सच्या ओळखी मिळतात, शहर खूप शिकवतं. पण नाव पुढेही जोडता येतं. चार वर्षांनी गेट ही एम.टेक.ची प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एम.टेक.ला गेलीस तर महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं, आणि तिथे बघतात तो गेटचा स्कोअर. छोट्या कॉलेजात मात्र तुझ्या शाखेला एनबीए मानांकन (अभ्यासक्रमाच्या दर्जाचा राष्ट्रीय शिक्का) आहे का, एवढं तपास. प्लेसमेंटचं सर्वांत मोठं पॅकेज विचारू नकोस, तुझ्याच शाखेत पगाराच्या क्रमाने बरोबर मधल्या मुलाला किती मिळालं ते विचार. हाच प्रश्न पुण्यालाही विचार.

बाबांचं सांगते. त्यांनी गावात, पाहुण्यांत सांगून टाकलं असणार. आता मागे फिरायचं तर त्यांना अवघड जाईल. त्यांना ‘आपल्याला परवडत नाही’ असं म्हणू नकोस, ते त्यांच्या जिव्हारी लागेल. ‘बाबा, मला तिथे नंबर लागून फी माफ झालीय, वर कॉलेज राहायचा खर्च देतंय’ असं म्हण. हे खरंही आहे, आणि चारचौघांत सांगायलाही त्यांना बरं वाटेल. तरीही पुण्याचाच हट्ट धरला, तर जमिनीला हात लावण्याआधी बँकेत पीएम-विद्यालक्ष्मी योजनेची चौकशी करा. ते विद्यापीठ तिच्या यादीत असेल तर तारण आणि जामीनदार न देता कर्ज मिळतं.

येत्या आठवड्यात कामाच्या दिवशी, कॉलेजला न कळवता, बाबांना घेऊन सांगलीला जाऊन ये. प्राचार्यांना भेटण्याआधी मेसमध्ये जेव आणि तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलींना विचार, शिष्यवृत्तीचे पैसे दरवर्षी मिळतात का. पत्रातली अट मला जशीच्या तशी लिहून पाठव, मीही वाचते.

तुझी,
मावशी