गोव्यात कोळशाची एकही खाण नाही, मग मुरगाव बंदरात उतरणारा कोळसा येतो कुठून आणि तो काढतात कसा?

वास्कोत मी वीसेक वर्षं एका लॅबमध्ये जहाजांतून उतरणाऱ्या कोळशाचे नमुने तपासले. त्यामुळे उत्तर बंदरापासून सुरू करतो.

इथे उतरणारा बराचसा माल कोकिंग कोळसा असतो, कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांसाठी. देशात येणाऱ्या कोकिंग कोळशात ऑस्ट्रेलियाचा वाटा सर्वात मोठा, आणि तिथला मुख्य साठा क्वीन्सलँडच्या बोवेन खोऱ्यात. हा कोळसा वेगळा कसा, हे एका साध्या चाचणीत दिसतं. एक ग्रॅम बारीक पूड झाकणाच्या मुशीत घालून ८२० अंशांवर तापवायची. चांगला कोळसा आधी वितळतो, मग फुगतो आणि राखाडी बटणासारखा घट्ट होतो. ते बटण १ ते ९ आकारांच्या तक्त्याशी ताडून बघायचं. साधा कोळसा पूडच राहतो. या गुणामुळेच हवाबंद भट्टीत हजार अंशांच्या वर तापवला की त्याचा टणक, सच्छिद्र कोक होतो. लोखंड गाळणाऱ्या झोतभट्टीत वरून पडणाऱ्या खनिजाचा भार सोसायचा आणि वायूला वाट द्यायची, ही दोन्ही कामं कोकच करतो.

आता काढण्याबद्दल. डिचोली-साखळीच्या लोखंडाच्या खाणी पाहिल्या असतील तर उघडी कोळसा खाण ओळखीची वाटेल: वरची माती-दगड सुरुंगाने फोडून बाजूला टाकायचे, पायऱ्या पाडत खाली जायचं. थर खोल असला की बोगदे. आपल्याकडच्या जुन्या खाणींत छत तोलायला कोळशाचेच खांब सोडतात, त्यामुळे पुष्कळ माल खालीच राहतो. ऑस्ट्रेलियात लाँगवॉल पद्धत बरीच चालते. दोनतीनशे मीटर रुंद थराच्या तोंडावर कापणारं यंत्र इकडून तिकडे फिरतं, वर लोखंडी हायड्रॉलिक आधार असतात. आधार पुढे सरकले की मागचं छत मुद्दाम कोसळू देतात.

मला सर्वात आवडतो तो टप्पा धुण्याचा. पाण्यात मॅग्नेटाइटची बारीक पूड कालवून ते जड करतात. त्यात हलका कोळसा तरंगतो, दगड बुडतो, आणि मॅग्नेटाइट चुंबकाने परत मिळवतात. झारखंडमधल्या झरियाचा कोळसाही कोकिंगच आहे, पण त्यातली राख, म्हणजे न जळणारा खनिज भाग, थरातच इतकी मिसळलेली की धुऊनही १७-१८ टक्के उरते. ऑस्ट्रेलियाच्या मालात ती साधारण १० टक्क्यांच्या आसपास. म्हणूनच २०२४-२५ मध्ये देशाचं एकूण कोळसा उत्पादन १०० कोटी टनांवर गेलं तरी पोलादासाठी जहाजं येतच राहतात. (जगात वर्षाला सुमारे ९०० कोटी टन निघतो, त्यातला निम्म्याहून जास्त चीनमध्ये. बहुतेक वीज केंद्रांत जळतो.)

मुरगावहून हा माल वॅगनींत भरून कुळे, दूधसागर, कॅसलरॉक असा घाट चढतो. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये चांदरला लोक रात्री रुळांवर बसले, ते या वाटेच्या दुपदरीकरणाविरुद्ध. ‘गोंयांत कोळसो नाका’ ही त्यांची घोषणा मला मनापासून पटते, आणि कारण लॅबमधलंच आहे. कोळशात पुरेसा ओलावा असेपर्यंत धूळ उडत नाही, तो कमी झाला की वाऱ्यावर जाते. म्हणून ढिगांवर सतत पाणी मारावं लागतं. पण पाण्याच्या वजनाचे पैसे खरेदीदार देत नाही, म्हणून आमच्या अहवालात ओलाव्याचा आकडा दशांशापर्यंत लिहिलेला असे. तो जास्त निघाला की लगेच चौकशी होई. कमी निघाला म्हणून वीस वर्षांत मला एकदाही फोन आला नाही.

आमचं घर बंदराजवळच्या सड्यावर. मार्च-एप्रिलमध्ये आई तुळशीची पानं ओल्या फडक्याने एकेक पुसायची, आणि संध्याकाळी ते फडकं धुताना मोरीतलं पाणी काळं व्हायचं.