बाल्कनीचं नंतर बघू, आधी ती पॉलिसी दाखवा

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका वाचकाचं पत्र आलंय. येत्या जुलैत अलास्काची क्रूझ करायची आहे, सात रात्री, सिअ‍ॅटल ते सिअ‍ॅटल. नवरा-बायको आणि दोन मुलं, एक नऊ वर्षांचं, एक पाच. बाल्कनीवाली केबिन घ्यावी की आतली, बिनखिडकीची, एवढाच प्रश्न. शेवटी जाता जाता लिहिलंय : "पैशांची सोय झाली आहे. आययूएल पॉलिसीवर लोन काढतोय. करमुक्त असतं आणि व्याज जवळजवळ शून्य, असं आमचे मित्र म्हणाले. पॉलिसी त्यांच्याकडूनच घेतली आहे." (आययूएल म्हणजे इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ : असा आयुर्विमा, ज्यातल्या बचतीची वाढ शेअर निर्देशांकाला बांधलेली असते.)

केबिनचं उरकून घेऊ. तुमच्या कोटेशनप्रमाणे चौघांचं भाडं बाल्कनीला ४,६०० डॉलर, आतल्या केबिनला २,८००. त्यावर कर आणि बंदर शुल्क १,२००. टिप माणशी रोज १८ धरा, पाच वर्षांच्या पोराचीही द्यावी लागते, म्हणजे ५००. विमान १,६००, आदल्या रात्रीचं हॉटेल ३०० (त्याच दिवशी उडून बोट पकडायचं धाडस करू नका), किनाऱ्यावरच्या सहली १,५००. बाल्कनीसकट ९,७००, आतल्या केबिनसकट ७,९००.

आतली घ्या. हिमनदीसमोर बोट सावकाश गोल फिरते आणि सगळं जग वरच्या डेकवर येऊन उभं राहतं, तिथून चारही दिशा दिसतात. वाचलेल्या १,८०० मधून जुनोला देवमासे बघा, स्कॅगवेहून व्हाइट पासच्या रेल्वेत बसा. सोन्याच्या शोधात आलेल्यांसाठी बांधलेला तो मार्ग १९०० साली पुरा झाला, आणि मुलं त्यावर खूश होतात. बोटीवर गो-कार्ट आहे का हे मुलं शोधतीलच, तुम्ही मार्गात ग्लेशियर बे आहे का ते बघा. तिथे दिवसाला दोनच क्रूझ बोटींना प्रवेश असतो, त्यामुळे प्रत्येक बोट तिथे जात नाही.

एक गोष्ट तुमच्या पत्रात कुठेच नाही. तुमच्या मार्गात व्हिक्टोरिया आहे, म्हणजे कॅनडा. १८८६च्या एका अमेरिकन कायद्यामुळे परदेशी झेंड्याच्या बोटीला सिअ‍ॅटलहून निघून सिअ‍ॅटलला परतताना मध्ये परदेशी बंदर घ्यावंच लागतं. तुम्ही दोघं आणि पुण्यात जन्मलेली थोरली भारतीय पासपोर्टवर आहात, तेव्हा तिघांना कॅनडाचा व्हिसा हवा. अमेरिकेचा एच-१बी असला तरी तो लागतोच. फी तिघांची ३०० कॅनडियन डॉलर, दोघांच्या बायोमेट्रिक्सचे १७०. व्हिसा नसेल तर बोटीवर चढू देणार नाहीत आणि भाडंही बुडेल.

आता पॉलिसी. महिना १,००० डॉलर, तीन वर्षं, म्हणजे ३६,००० भरलेत. स्टेटमेंटवर कॅश व्हॅल्यू ३१,००० आणि त्याखाली, बारीक अक्षरांत, सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे पॉलिसी आज मोडली तर हातात येणारी रक्कम, १७,०००. तुमचा खरा आकडा हा खालचा. मधले १४,००० सरेंडर चार्ज आहेत. लोनही या १७,०००वरच मिळतं, ३१,०००वर नाही.

"व्याज शून्य" हा कथेचा भाग आहे. कंपनी व्याज लावते, आणि काढलेली रक्कम अजून इंडेक्सवर कमावतेय असं धरून ते जवळपास फिटतं, असं तक्त्यात दाखवतात. इंडेक्स ज्या वर्षी शून्यावर राहील त्या वर्षी व्याज चालू, विम्याचा खर्चही चालू. तो खर्च वयाबरोबर वाढतो. तुमची कॅप ९ टक्के, म्हणजे बाजार २५ टक्के चढला तरी तुम्हाला ९, लाभांश तर हिशोबातच नाही. आणि मित्राने रंगीत तक्ता दाखवला तो दरवर्षी ७ टक्क्यांचा!

गणपतीत मंडळात भेटलेल्या माणसाला नाही म्हणणं अवघड जातं, हे मी समजू शकतो. पण पहिल्या वर्षाच्या हप्त्याचा मोठा हिस्सा कमिशनमध्ये गेला, ते त्याने सांगितलं नसणार.

वर्षाला १२,००० अजून १७ वर्षं भरलेत तर २ लाखांवर जातील. साध्या इंडेक्स फंडात ७ टक्क्यांनी त्यांचे ३ लाख ७० हजार होतात. आययूएलमध्ये खर्च जाऊन हाती ४ टक्के लागले, आणि मी तेवढेच धरतो, तर २ लाख ८५ हजार. तेव्हा गेलेल्या १९,०००साठी पुढचे ८५,००० घालवू नका.

याहून जास्त राग मला ४०१(के)चा, म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती खात्याचा आला. पगार १,४५,०००, पगाराच्या ६ टक्क्यांपर्यंत तुम्ही भराल त्याच्या निम्मी भर कंपनी घालते आणि तुम्ही ३ टक्क्यांवर थांबलात, का तर "आययूएल त्यापेक्षा चांगली". दरवर्षी २,२०० फुकटचे सोडताय. तीन वर्षांत ६,५००, आतल्या केबिनची क्रूझ जवळजवळ निघाली असती.

बँकेत ८,०००, महिन्याचा खर्च ६,०००. एच-१बीवर नोकरी गेली तर नवी शोधायला किंवा देश सोडायला हातात जास्तीत जास्त ६० दिवस असतात. अशा घराने ९,७०० उसने काढून बोटीवर जाऊ नये.

म्हणून यंदाचा जुलै सोडा, पुढच्या वर्षीच्या ऑगस्टचा शेवटचा आठवडा धरा. जर्सीतल्या बहुतेक शाळा लेबर डेनंतर उघडतात, आणि जुलैपेक्षा भाडं उतरलेलं असतं. पाऊस असेल, पण केचिकन बंदरात तो जुलैतही असतोच, आणि ऑगस्टमध्ये तिथल्या ओढ्यात साल्मन चढताना मुलांना फुकटात दिसतील.

आधी १० लाख डॉलरचा २० वर्षांचा टर्म विमा घ्या. अडतिशीच्या निरोगी, तंबाखू न घेणाऱ्या माणसाला महिना साठेक डॉलर पडतात, आणि आत्ताच्या पॉलिसीतल्या ५ लाखांच्या दुप्पट कव्हर मिळतं. ती पॉलिसी हातात आल्यावरच आययूएल सरेंडर करा, एक दिवसही आधी नको. भरल्यापेक्षा कमी मिळतंय, तेव्हा त्यावर कर नाही. ते १७,००० आणि बँकेतले ८,००० मिळून चार महिन्यांची सोय झाली. वाचलेल्या १२,०००तून ४,४०० ४०१(के)त, ७०० टर्मला, आणि उरलेले सात हजारांच्या आसपास क्रूझला. कमी पडतील ते बोनसमधून घाला. कॅनडाचे व्हिसे हातात आल्याशिवाय नॉन-रिफंडेबल भाडं मात्र घेऊ नका.