ब्रेक दाबला की पेडल थरथरते: दोष डिस्कचा की हबवरच्या गंजाचा?

प्रश्न: एसयूव्हीच्या पुढच्या दोन्ही डिस्क आणि पॅड घरीच बदलले. सुरुवातीला ब्रेक उत्तम लागत होते. पाचेक हजार किलोमीटरनंतर वेगात ब्रेक दाबला की पेडल आणि स्टिअरिंग थरथरते. डिस्क वाकली का?

उत्तर: ‘डिस्क वाकली’ असे सगळेच म्हणतात, पण ती क्वचितच वाकते. सुरुवातीला सगळे ठीक होते, हीच यातली खूण आहे. जुनी डिस्क काढल्यावर हबच्या (डिस्क आणि चाक ज्यावर बसते त्या फिरत्या मधल्या भागाच्या) ज्या सपाट तोंडावर नवी बसते, तिथे गंजाचे पापुद्रे राहिले की डिस्क केसभर तिरकी बसते. हबजवळचा हा फरक डिस्कच्या कडेपर्यंत वाढत जातो. मग ब्रेक दाबलेला नसतानाही प्रत्येक फेऱ्यात डिस्कचा तोच भाग पॅडला घासतो आणि हळूहळू पातळ होतो. जाडीत मिलिमीटरच्या दोन शतांश भागाइतका फरक पडला, तरी तो पायाला जाणवतो.

डिस्क काढा आणि हबचे तोंड तारेच्या ब्रशने, मग पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा. स्टडच्या (चाकाचे नट ज्यावर बसतात त्या बोल्टच्या) बुडाशी चिकटलेला गंज हमखास राहून जातो, तोही काढा. डिस्क चढवून सगळे नट आवळा आणि कडेपासून साधारण 10 मिमी आत डायल गेज (सूक्ष्म हालचाल सुईने दाखवणारे मापक) लावून ती एक फेरा फिरवा. बहुतेक गाड्यांत 0.05 मिमीच्या आसपासचा हेलकावा चालतो. नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. जास्त आला तर डिस्क एक स्टड पुढे सरकवून पुन्हा मोजा, बऱ्याचदा तेवढ्याने भागते. मात्र आधीच पातळ झालेला भाग सफाईने भरून येणार नाही. डिस्क खरादून घ्यावी लागेल, आणि तीही खरादल्यावर डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा जाड उरणार असेल तरच.

चाकाचे नट इम्पॅक्ट गनने एका दमात आवळले तरी हेच दुखणे उद्भवते. समोरासमोरचे नट, दोन टप्प्यांत, ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या टॉर्क रेंचनेच.

प्रश्न: कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) आणि त्याला धरणारे ब्रॅकेट काढले, पण डिस्क हलतच नाही.

उत्तर: आधी डिस्कच्या तोंडावर लहान स्क्रू आहे का पाहा. तो तसाच ठेवून हातोडी चालवणारे बरेच असतात. अनेक डिस्कना दोन आटे पाडलेली भोकेही असतात, बहुधा 8 मिमीच्या बोल्टची. दोन्हीकडे बोल्ट घालून आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा द्या, डिस्क आपोआप सुटेल. भोके नसतील तर गंज सोडवणारे तेल मारून थांबा, मग डिस्क फिरवत स्टडच्या मधल्या भागावर ठोका. घणाचे जोरदार घाव घालू नका, तो मार बेअरिंगला बसतो. मागच्या डिस्कच्या पोटात हँडब्रेकचे शू असतील, तर हँडब्रेक सोडा आणि अ‍ॅडजस्टर सैल करा.

हे सगळे गाडी स्टँडवर टेकवूनच; नुसत्या जॅकवर मुळीच नाही. काढलेला कॅलिपर तारेने स्प्रिंगला बांधा, होजवर (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर) लोंबकळू देऊ नका.

प्रश्न: एकाच चाकाचे आतले पॅड पार संपले, बाहेरचे अर्धे शिल्लक आहे. नवी पॅड घातली की पुरे ना?

उत्तर: नाही, तीही तशीच झिजतील. सरकत्या कॅलिपरमध्ये पिस्टन फक्त आतल्या पॅडला ढकलतो. त्या रेट्याने कॅलिपर पिनांवरून सरकतो आणि बाहेरचे पॅड ओढून आणतो. पिना अडकल्या की सगळा भार आतल्या पॅडवर पडतो. दोन्ही पिना बाहेर काढा, पुसा आणि ब्रेकसाठीच असलेले सिलिकॉन ग्रीस पातळ थरात लावा. साधे ग्रीस नको, त्याने रबर फुगते आणि पिन पुन्हा अडकते. एका पिनेच्या टोकाला रबरी बुश असेल तर तिची जागा लक्षात ठेवा, अदलाबदल करू नका. ब्रॅकेटवरच्या पत्र्याच्या क्लिप काढून खालचा गंज खरवडा. क्लिपखाली गंज फुगला की पॅड खाचेत घट्ट बसते. ते बोटाने सरकायला हवे.

पिना मोकळ्या असूनही पिस्टन क्लॅम्पने मागे जात नसेल तर ब्लीडर निपल (कॅलिपरवरचा हवा काढायचा स्क्रू) सैल करून दाबा. आता गेला, तर दोष पिस्टनचा नाही. रबरी होज आतून फुगून तेल अडवते आहे. मग होज बदला आणि ब्रेकमधली हवा काढा.

प्रश्न: मागचा पिस्टन क्लॅम्पने जराही हलत नाही.

उत्तर: जोर लावू नका. इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असेल तर आधी सर्व्हिस मोड (मोटर पिस्टन मोकळा सोडते ती सेटिंग) लावा, नाहीतर मोटरचे गिअर तुटतील. केबलचा हँडब्रेक कॅलिपरलाच जोडलेला असेल तर पिस्टन दाबायचा नसतो, हत्याराने फिरवत आत न्यायचा असतो.

प्रश्न: सगळे जोडून झाले. लगेच गाडी काढावी का?

उत्तर: आधी पेडल कडक होईपर्यंत दाबत राहा. पिस्टन मागे गेलेला असतो, त्यामुळे पहिल्या दाबाला पेडल सरळ तळाला जाते. टाकीतले ब्रेक ऑइलही पाहा. पॅड झिजलेली असताना कोणी वरपर्यंत भरले असेल तर आता ते बाहेर सांडते आणि रंग खाते. डिस्क बसवण्यापूर्वी तिच्यावरचा गंजरोधक तेलकट थर ब्रेक क्लीनरने पुसला होता ना? मग मोकळ्या रस्त्यावर ताशी 50 किमीवरून 10 पर्यंत मध्यम दाबाने वेग उतरवा, असे आठ-दहा वेळा, मध्ये थोडे अंतर चालवून डिस्क गार होऊ देत. तापलेल्या ब्रेकवर पेडल दाबून धरून गाडी उभी करू नका, पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो.