ऊन, अंगण आणि मांजर : वाचकांचे प्रश्न

थंड हवेच्या देशातून उष्ण देशात राहायला गेलेल्या वाचकांची पत्रे गेल्या काही आठवड्यांत बरीच आली. घर, बाग आणि मांजर हे तीन वेगळे विषय आहेत असे धरून ती लिहिली आहेत, परंतु उत्तरे लिहायला बसल्यावर ते तिन्ही एकमेकांत इतके गुंतलेले दिसले की काही पत्रे एकत्र घ्यावी लागली.

प्रश्न : नोकरीतील बदलीमुळे आम्ही तीन आठवड्यांपूर्वी येथे आलो. आमचा सात वर्षांचा बोका दिवसभर न्हाणीघराच्या फरशीवर पसरून असतो आणि पूर्वीपेक्षा कमी खातो. काल दुपारी तो काही वेळ तोंड उघडे ठेवून धापा टाकत होता. त्याला हवामानाची सवय होईपर्यंत असे चालायचेच, असे शेजारी म्हणतात. ते खरे आहे का?

उत्तर : अर्धे खरे आहे. फरशीवर पसरणे आणि खाणे थोडे कमी होणे हे उन्हाळ्यात साहजिक आहे. मांजर घरातील सर्वांत थंड जागा आपल्याआधी शोधून काढते आणि आपणही तेथेच खुर्ची टाकावी, एवढे ते ज्ञान भरवशाचे असते. धापा टाकणे मात्र सवयीच्या सदरात मोडत नाही. कुत्रा जीभ बाहेर काढून अंग थंड करतो आणि त्यात काळजीचे काही नसते. मांजर धापा टाकू लागते तेव्हा उष्णता त्याला असह्य झालेली असते, किंवा हृदयाचा अथवा फुप्फुसाचा आजार उन्हामुळे उघडा पडत असतो. म्हणून बोक्याला या आठवड्यातच पशुवैद्याकडे नेऊन तपासून घ्यावे, आणि असा प्रकार पुन्हा घडून तो विश्रांतीनंतर काही मिनिटांत थांबला नाही, तर त्याच क्षणी निघावे.

निरोगी मांजराच्या शरीराचे तापमान साधारण ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. ते ४० अंशांच्या वर जाऊ लागले, हिरड्या लालभडक झाल्या, लाळ गळू लागली किंवा चाल अडखळली, तर तो उष्माघात समजावा. अशा वेळी मांजराचे अंग साध्या गार पाण्याने भिजवून पंख्याखाली धरावे आणि दवाखान्याकडे निघावे. बर्फाचे पाणी वापरू नये, कारण त्याने कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच राहते. कोरड्या मांजरावर नुसता पंखा सोडल्याने फारसे साधत नाही. आपल्याला पंख्याने गार वाटते ते घाम वाळल्यामुळे, आणि मांजराला घाम येतो तो जवळजवळ पंजांच्या गाद्यांपुरताच.

घराबाबत एवढेच सांगावेसे वाटते की ऊन काचेच्या आत आल्यावर पडदा ओढणे म्हणजे चोर घरात शिरल्यावर कडी लावणे होय. पश्चिमेकडील खिडक्यांवर बाहेरून चटई, झडप किंवा शेडनेट लावावी. पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवावीत, आणि कोरडे खाद्य असेल तर दिवसातील एक वेळ तरी ओले खाद्य द्यावे, कारण ओल्या खाद्यात सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असते तर कोरड्यात जेमतेम दहावा हिस्सा. मात्र ओले खाद्य उन्हाळ्यात तासाभराहून अधिक उघडे राहू देऊ नये. बोक्याने पूर्ण दिवसभर काहीच खाल्ले नाही, तर भूक आपोआप परत येण्याची वाट पाहू नये. मांजर, विशेषतः लठ्ठ मांजर, उपाशी राहिले की अंगातील चरबी यकृतात साचू लागते आणि मूळ कारण बाजूला राहून तेच दुखणे जिवावर बेतते.

प्रश्न : भाड्याच्या घरासोबत आधीच्या भाडेकरूने लावलेली भरगच्च बाग मिळाली आहे. यांतील बहुतेक झाडे आम्ही पूर्वी पाहिलेली नाहीत. आमची मांजरी दिसेल ते पान चावून पाहते. कोणती झाडे काढून टाकावीत?

उत्तर : सर्व बाग उपटण्याची गरज नाही, परंतु काही झाडांबाबत तडजोडही नको. पहिला क्रमांक लिलीचा. लिलियम वंशातील खऱ्या लिली आणि डे-लिली या दोन्हींमुळे मांजराची मूत्रपिंडे निकामी होतात, आणि त्यासाठी पान खावेच लागते असे नाही. अंगावर सांडलेले परागकण चाटून साफ करणे किंवा फुलदाणीतील पाणी पिणे एवढेही पुरते. पहिल्या दिवशी मांजर थोडे ओकते, मग बरे वाटल्यासारखे दिसते, आणि त्या फसव्या विसाव्यातच उपचाराची वेळ निघून जाते. म्हणून लिलीशी संबंध आल्याची नुसती शंका असली तरी लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठावा. भेट म्हणून आलेल्या पुष्पगुच्छातही लिली असते, हे पाहुण्यांच्या समोर लक्षात ठेवणे अवघड जाते, तरी ठेवावे. पीस लिली मात्र नावापुरतीच लिली आहे. तिच्या पानांतील सुईसारख्या स्फटिकांमुळे तोंडाची आग होते आणि लाळ गळते, पण मूत्रपिंडांना धोका नसतो. मनी प्लांट आणि डिफेनबाकिया यांचेही तेच.

दुसरे झाड सायकस, म्हणजे उष्ण देशांतील बागांमध्ये प्रवेशदाराशी हमखास दिसणारे, बुटके, ताडासारखे भासणारे झाड. त्याचा कोणताही भाग यकृताला घातक आहे, बिया सर्वांत जास्त. तिसरी कण्हेर, पांढरी, गुलाबी वा पिवळी, आणि तिच्याच कुळातील अडेनियम. यांतील द्रव्ये थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात. घरमालकाची परवानगी मिळत नसेल तर निदान कण्हेरीची छाटणी मांजरी घरात कोंडून करावी आणि कापलेल्या फांद्या त्याच दिवशी बाहेर टाकाव्यात. मोकळ्या झालेल्या जागी मोगरा, अरेका पाम किंवा बोस्टन फर्न लावता येईल. ही मांजरासाठी विषारी नाहीत. ती खाल्ल्यावर मांजरी गालिच्यावर ओकणार नाही, अशी हमी मात्र मी देत नाही.

झाडांहून अधिक काळजी मला बागेच्या खोलीतील डब्यांची वाटते. आधीच्या भाडेकरूने मागे ठेवलेल्या गोगलगायींच्या गोळ्यांत मेटाल्डिहाइड असेल तर त्याने मांजराला झटके येतात. उंदरांच्या विषाने रक्त गोठणे थांबते, आणि ते विष खाऊन मंदावलेला उंदीर हीच मांजराला सर्वांत सोपी शिकार असते. कोकोच्या टरफलांचे आच्छादन मिळाले तर तेही नको, कारण चॉकलेटमधील जे द्रव्य प्राण्यांना बाधते तेच त्यात असते. मांजर स्वतःला चाटून स्वच्छ करते. त्यामुळे बागेत जे पडते ते पंजांवरून तिच्या पोटात जाते, एवढे गृहीत धरून प्रत्येक डब्यावरील मजकूर वाचावा. मजकूर परक्या भाषेत असेल तर तो कोणाकडून तरी वाचून घेतल्याशिवाय डबा उघडू नये.

प्रश्न : अनेक महिने बंद असलेल्या घरात आम्ही राहायला आलो आणि दोन दिवसांत घरभर पिसवा झाल्या. दोष आमच्या मांजराला दिला जात आहे. शेजाऱ्यांकडे त्यांच्या मोठ्या कुत्र्याचे मानेवर टाकायचे औषध आहे. त्यातील निम्मे थेंब मांजराला लावले तर चालतील का?

उत्तर : नाही. निम्मे नाहीत आणि एक थेंबही नाही. कुत्र्यांच्या अशा अनेक औषधांत पर्मेथ्रिन असते. ते शरीरातून बाहेर टाकण्याची मांजराच्या यकृताची क्षमता फार अपुरी आहे, आणि काही तासांतच कापरे भरून झटके येतात. एखाद्याने चुकून लावलेच असेल तर मांजराला कोमट पाण्याने व भांडी घासण्याच्या सौम्य द्रव साबणाने धुऊन तातडीने पशुवैद्याकडे न्यावे. (यकृताच्या याच उणिवेमुळे पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. माणसाचे औषध कनवाळूपणाने देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.)

मांजरावरील दोष मागे घ्यायला हरकत नाही. पिसवेची अंडी अंगावरून गळून पडतात, अळ्या उजेड टाळून गालिच्याच्या तळाशी किंवा फटींत शिरतात, आणि कोषातील पिसू कित्येक महिने तशीच दबा धरून राहू शकते. पावलांचा हादरा आणि शरीराची ऊब जाणवली की ती बाहेर येते. बंद घरात माणसे राहायला येताच पिसवांचा पूर उसळतो तो यामुळे. प्रौढ पिसवा एकूण संख्येच्या साधारण पाच टक्केच असतात, बाकी सारा कारभार घरात दडलेला असतो. तेव्हा मांजरासाठी तिच्या वजनानुसार पशुवैद्याने दिलेले औषध लावावे, अंथरुणे ६० अंशांच्या पाण्यात धुवावीत, आणि पुढचे काही आठवडे रोज व्हॅक्युम क्लीनर फिरवून त्याची पिशवी लगेच घराबाहेर टाकावी. दुसऱ्या आठवड्यात पिसवा पुन्हा दिसल्या म्हणून औषध वाया गेले असे समजू नये. ते जुने कोष उघडत असतात. बागेत फवारणी करायचीच असेल तर ती सावलीच्या दमट कोपऱ्यांपुरती असावी, कारण उघड्या उन्हातील हिरवळीवर अळ्या टिकत नाहीत. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले, तर चाटताना गिळलेल्या पिसवेतून आलेला तो फीतकृमी आहे. त्याचे औषध वेगळे घ्यावे लागते.

प्रश्न : कुंड्यांना रोज संध्याकाळी भरपूर पाणी घालूनही पाने पिवळी पडतात आणि दुपारी झाडे माना टाकतात. कुंड्यांवर पांढरा थर आला आहे. डासही फार वाढले आहेत.

उत्तर : दुपारी मान टाकणे म्हणजे तहान, असे दर वेळी नसते. मुळांना जेवढे पाणी ओढता येते त्याहून अधिक पानांतून उडून जाते तेव्हा झाड पाने खाली सोडते, आणि सूर्य कलल्यावर ती पुन्हा उभी करते. संध्याकाळीही मान वर झाली नाही तरच पाणी हवे आहे, असे धरावे. त्याआधी बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहावे. ओल लागली तर पाणी घालू नये. पाने पिवळी पडण्याचे कारण बहुधा हेच असावे की माती सतत चिंब राहून मुळांना हवा मिळत नाही. पाणी पहाटे द्यावे, एकदाच आणि तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत द्यावे, आणि वर पाच ते सात सेंटिमीटर पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्यांत मुळे अक्षरशः शिजतात. अशी कुंडी दुसऱ्या मोठ्या कुंडीत उतरवून ठेवली की दोन्हींमधील हवा तिला जपते.

पांढरा थर हा पाण्यातील व खतातील क्षारांचा आहे. महिन्यातून एकदा कुंडीतून भरपूर साधे पाणी वाहून जाऊ द्यावे आणि तेवढ्या दिवसांत खत देऊ नये.

डासांचे मूळ कुंडीखालच्या ताटल्यांत आहे. उष्ण हवेत साचलेल्या पाण्यातील अंड्यापासून डास तयार व्हायला सात ते दहा दिवस लागतात, म्हणून ताटल्या आठवड्यातून एकदा तरी रिकाम्या करून घासाव्यात. अंडी कडेला चिकटलेली असतात, नुसते पाणी ओतून ती जात नाहीत. घरात मांजर असेल तर हे काम टाळू नये, कारण हृदयात वाढणारा एक कृमी डासांच्या चाव्यातूनच मांजराला होतो. कुत्र्यासाठी त्यावर उपचार आहेत, मांजरासाठी मात्र प्रौढ कृमी मारणारे सुरक्षित औषध नाही. दर महिन्याचे प्रतिबंधक औषध हाच मार्ग उरतो.

प्रश्न : मी गरोदर आहे आणि मांजर कोणालातरी देऊन टाकावे असा घरच्यांचा आग्रह आहे.

उत्तर : मांजर देऊ नये, लिटर बॉक्सचे काम देऊन टाकावे. ज्या टॉक्सोप्लाझ्मा परजीवीची भीती असते तो मांजराच्या विष्ठेतून पडतो हे खरे, परंतु बहुतेक मांजरे तो आयुष्यात एकदाच, पहिल्या संसर्गानंतरचे एक ते तीन आठवडे बाहेर टाकतात, आणि पडल्यावर तो संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस जावा लागतो. लिटर रोज, आणि शक्यतो दुसऱ्या कोणी, साफ केले तर ही वाट जवळपास बंद होते. मांजराला कच्चे मांस देऊ नये व शिकारीसाठी बाहेर सोडू नये. आपल्याला जास्त धोका अपुऱ्या शिजलेल्या मांसातून आणि बागेच्या मातीतून आहे, जेथे परक्या मांजरांनीही आपली सोय केलेली असते. मातीत हात घालताना हातमोजे घालावेत आणि बागेतील पालेभाजी नीट धुऊन घ्यावी. पूर्वी हा संसर्ग होऊन गेला आहे का, याची रक्ततपासणी डॉक्टरांना विचारून करून घेता येईल.

प्रश्न : आमची मांजरी रोज एक-दोन पाली खाते. पालीचे विष चढते का?

उत्तर : घरातील पालीला विष नसते. परंतु उष्ण प्रदेशांत पालींच्या शरीरात एक यकृतकृमी असतो, तो मांजराच्या पित्तनलिकेत जाऊन बसतो, आणि संख्या वाढली की मांजर वाळत जाते व त्याचे डोळे आणि हिरड्या पिवळ्या दिसू लागतात. नेहमीच्या जंताच्या गोळीच्या मात्रेने तो जात नाही. म्हणून पशुवैद्याला ‘ती पाली खाते’ हे आपणहून सांगावे. थंड देशात शिकलेल्या डॉक्टरला ते विचारायचे सुचेलच असे नाही.