साधा कीपॅडचा फोन आणि एमपी3 प्लेअर, दोन्हींऐवजी एकच स्मार्टफोन घ्यायचा आहे. कोणता घेऊ?

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला आणि मला माझेच जुने खिसे आठवले. तुमचं पाचोरा–भुसावळ रोजचं अप-डाऊन, एका खिशात कीपॅडचा फोन, दुसऱ्यात प्लेअर, प्लेअरची बटणं आता दाबली जात नाहीत, गाणी सगळी स्वतःची, चाळीसेक जीबी, आणि पंधरा हजारांच्या आत एकाच यंत्रावर भागवायचंय. माझं अप-डाऊन अमळनेर–जळगाव होतं. धरणगाव गेलं की इअरफोन कानात घालायचा तो पाळधी येईपर्यंत काढायचा नाही. पाच वर्षांपूर्वी मीही दोन्ही वस्तूंना सुट्टी देऊन एक स्मार्टफोन घेतला, आणि पहिल्यांदा चुकीचा घेतला. म्हणून हे जरा लांबणार आहे.

तुम्ही विचारलंय "कोणता फोन चांगला". पण फोन म्हणून आजकाल कोणताही बरा असतो. फोन लागतो, आवाज येतो, व्हॉट्सॲप चालतं. तुम्हाला खरं तर प्लेअर निवडायचाय, ज्याला फोनही लावता येतो. दुकानात गेलात की समोरचा पोरगा कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल सांगत सुटेल. सांगू द्या. आपण तीनच गोष्टी बघायच्या: इअरफोनचं भोक, गाण्यांना जागा आणि बॅटरी. बाकी सगळं त्या तिघांनंतर.

आधी भोक. साडेतीन एमएमचा जॅक. ज्या कंपनीने 2001 मध्ये आयपॉड आणला, तिनेच 2016 मध्ये आयफोन 7 मधून हा जॅक काढला, आणि मग बाकीच्यांनाही तेच सुचलं. महागड्या फोनमधून तो गेलाच, आता स्वस्तातूनही एकेक करून चाललाय. सॅमसंगच्या ए15 ला जॅक होता, पुढच्या ए16 ला नाही. नंबर वाढला की वस्तू वाढतेच असं नाही. म्हणून "मागच्या वर्षी मित्राने घेतला त्यातलाच नवा घेतो" असं करू नका. घरूनच जीएसएमअरीना या वेबसाइटवर त्या मॉडेलचं पान उघडा आणि आवाजाच्या रकान्यात 3.5 एमएम जॅकसमोर हो लिहिलंय की नाही ते बघा. त्याच पानावर कार्डाचा आणि एफएम रेडिओचाही रकाना असतो.

जॅक नसलेला फोनच आवडला तर चार्जिंगच्या सी-टाइप भोकात लावायची छोटी वायर मिळते. यात एक मेख आहे. काही वायरींच्या आत आवाज तयार करणारी चिप असते, काहींच्या आत नुसती तार. काही फोन नुसत्या तारेतूनही आवाज देतात, काहींना चिपवालीच लागते. म्हणजे भाच्याच्या फोनवर मस्त चालणारी वायर तुमच्या फोनवर मुकी राहू शकते. माझी राहिली. शिवाय भोक एकच, तर चार्जिंग आणि गाणी एकाच वेळी होत नाहीत.

ब्लूटूथचं काय, असं कोणीतरी खाली विचारेलच. मी दोन्ही वापरलंय. घरात ब्लूटूथ छान. पण सकाळच्या गाडीत दारापाशी उभ्याने जाताना कानातला एक दाणा पडला की तो रुळावर गेला समजा. आणि फोन, दाणे, दाण्यांची डबी, म्हणजे दोन वस्तूंची एक करायला निघालो आणि चार्ज करायच्या तीन झाल्या. एलडॅक, एपीटीएक्स असली ब्लूटूथने आवाज पाठवायच्या पद्धतींची नावं बघून जास्त पैसे देऊ नका. एलडॅक 990 केबीपीएसपर्यंत (म्हणजे सेकंदाला जाणारी माहिती) जातो हे खरं, पण आपली बरीचशी गाणी 128 केबीपीएसची, आणि ऐकायची खडखडणाऱ्या डब्यात. घागरीतच अर्धं पाणी असेल तर तोटी मोठी करून काय उपयोग?

आता जागा. हिशोब सोपा आहे. 128 केबीपीएसचं गाणं मिनिटाला साधारण एक एमबी खातं, 320 चं अडीच एमबीच्या आसपास. पाच मिनिटांचं गाणं म्हणजे पाच नाहीतर बारा एमबी. तुमचे 40 जीबी फोनच्या 128 जीबीत निवांत बसतात. 64 जीबीचा मात्र घेऊ नका. सिस्टीम, ॲप आणि सोयऱ्यांच्या ग्रुपवरचे गुड मॉर्निंग मिळून त्यातली निम्मी जागा कधी जाते कळत नाही.

मग कार्डाचा खाचा हवाच का? मी आधी हवाच म्हणायचो. आता म्हणतो, असला तर उत्तम, नसला तर 128 जीबी घ्या आणि गाण्यांची एक प्रत कॉम्प्युटरवर किंवा पेन ड्राइव्हवर ठेवा. कार्डाचा खरा फायदा जागेचा नाही. फोन पाण्यात पडला तरी कार्ड काढून दुसऱ्यात घालता येतं, तो आहे. खाचा बऱ्याचदा सामाईक असतो: दुसरं सिम घाला नाहीतर कार्ड, दोन्ही नाही. तुमचं सिम एकच दिसतंय, तेव्हा तुम्हाला अडचण नाही.

कार्ड मात्र बिलावर घ्या. मी एकदा बाजाराच्या दिवशी रस्त्यावरच्या पथारीवरून 128 जीबीचं कार्ड निम्म्या किमतीत घेतलं आणि आठवडाभर घरात मिरवलो. फोनही 128 च दाखवायचा. पण सात-आठ जीबी भरल्यावर पुढची गाणी यादीत दिसायची आणि वाजायची नाहीत. आत चिप लहान आणि तिला खोटा आकडा सांगायला शिकवलेलं. अशी कार्डं पकडायचा साधा उपाय म्हणजे नवं कार्ड एकदा काठोकाठ भरायचं आणि शेवटी टाकलेली गाणी वाजवून बघायची. कंटाळवाणं काम आहे, पण पहिल्याच दिवशी करा, म्हणजे बदलून मागता येतं.

तिसरी बॅटरी, आणि इथे माझी गोष्ट सांगतो.

नोकरीबरोबर थोडी शेती आहे. विहिरीवरच्या मोटारीला मोबाइल स्टार्टर बसवलाय. त्यात सिम असतं, आपण नोंदवलेल्या नंबरवरून फोन केला की मोटार चालू, पुन्हा केला की बंद. पहिला स्मार्टफोन मी एका ओळखीच्याकडून जुना घेतला होता, दिसायला नवा, बॅटरी दमलेली. डिसेंबरातली रात्र, हरभऱ्याला पाणी भरायचं, त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची. लाईटची वाट बघत शेतातल्या खोलीत गाणी ऐकत पडलो. नेटवरून ऐकत होतो, रेंज एक काडी. दीडच्या सुमारास लाईट आली. उठून फोन लावायला गेलो तर फोन बंद. शेवटी बॅटरी हातात घेऊन बांधाबांधाने विहिरीपर्यंत गेलो आणि हाताने बटण दाबलं. सकाळी आबांनी विचारलं, "फोन बोलाले शे का गाना आयकाले?" (बॅटरी म्हणजे टॉर्च. आमच्याकडे दोन्हीला एकच शब्द आहे आणि त्या रात्री एकच चालू होती.)

आधी प्लेअर मेला तर गाणी बंद व्हायची, फोन चालू राहायचा. एकाच यंत्रात दोन्ही आले की गाण्यांनी खाल्लेला घास फोनच्या ताटातला असतो. म्हणून नवाच घ्या आणि 5000 एमएएचच्या खाली जाऊ नका. तुमच्या किमतीत ती सहज मिळते. मेमरीतली गाणी, पडदा बंद, वायरचा इअरफोन, एवढ्यावर फोन फार कमी खातो. जाण्या-येण्याच्या तीन तासांत काटा थोडाच हलेल. खातो तो पडदा आणि कमी रेंजमध्ये धडपडणारं नेट. तुमची गाणी स्वतःची आहेत ही तुमची श्रीमंती आहे, ऑनलाइनच्या नादात ती सोडू नका. तसंही दोन स्टेशनांच्या मधे नेट अडखळतंच.

जुनाच घ्यायची वेळ आली तर *#06# दाबून आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख नंबर, काढा आणि KYM, मग जागा सोडून तो नंबर, असा एसएमएस 14422 वर पाठवा. फोन चोरीचा म्हणून ब्लॉक असेल तर तिथे कळतं. बॅटरी दमलीय की नाही हे मात्र एसएमएसवर कळत नाही.

आता फोन घरी आणल्यावरचं. बरोबर येणारं गाण्यांचं ॲप राहू द्या बाजूला. माझ्याकडे म्युझिकोलेट आहे: फुकट, जाहिरात नाही, नेट मागतच नाही. मुख्य म्हणजे फोल्डरप्रमाणे गाणी दाखवतं. हे का महत्त्वाचं? आपली निम्मी गाणी पूर्वी मोबाइलच्या दुकानातून कार्डात भरून आणलेली. त्यांच्या आत गायकाच्या जागी कुठल्यातरी वेबसाइटचं नाव असतं. गायकाप्रमाणे लावायला गेलात तर लताबाई आणि आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीची गाणी एकाच वेबसाइटच्या नावाखाली शेजारी बसतात. फोल्डर बरे. अहिराणी वेगळं, भजनं वेगळी, जुनी हिंदी वेगळी, जसं प्लेअरवर होतं तसंच उचलून टाका. व्हीएलसीही चालेल.

आणि एक सेटिंग, ज्याच्यापायी लोक चांगल्या फोनला नावं ठेवतात. पडदा बंद केला की काही वेळाने गाणं आपोआप थांबतं. फोन बिघडलेला नसतो. बॅटरी वाचवायच्या नादात तो मागे चाललेलं ॲप मारून टाकतो. सेटिंगमध्ये त्या ॲपच्या बॅटरीच्या पानावर जाऊन निर्बंध काढून टाका.

प्लेअरची एक गोष्ट फोन कधीच देणार नाही: खिशात हात घालून, न बघता दाबायची बटणं. त्यावर उतारा म्हणजे वायरवर बटण असलेला इअरफोन. एकदा दाबलं की थांबतं, पटापट दोनदा दाबलं की पुढचं गाणं. उभ्याने गाडीत जाताना पाच इंचाहून मोठी काच खिशातून काढावी लागत नाही. गाण्याच्या मधे टुंग टुंग नको असेल तर डू नॉट डिस्टर्ब लावा आणि घरच्यांच्या नंबरांना तेवढी सूट द्या.

जळगाव आकाशवाणी ऐकत असाल तर फोनमध्ये एफएम आहे का ते आधी बघा, बऱ्याच फोनमध्ये नसतो. असला तरी वायरचा इअरफोन लावावा लागतो, कारण ती वायरच एरियल असते. ब्लूटूथवाल्यांची इथेही पंचाईत.

सिमचं विसरू नका. कीपॅड फोनमधलं मोठं सिम नव्यात बसणार नाही, कंपनीच्या दुकानातून लहान नॅनो सिम घ्यावं लागेल. नंबर तोच राहतो. पण सिम बदलल्यावर पहिले 24 तास एसएमएस बंद असतात, म्हणजे बँकेचा ओटीपी येत नाही. पगाराच्या किंवा हप्त्याच्या दिवशी हे काम काढू नका. आणि त्याआधी कीपॅड फोनच्या मेमरीतले नंबर वहीत उतरवा. मोठा माणूस आहात, वहीत लिहायला लाजू नका. सिमवर कॉपी करून भागेल असं वाटतं, पण जुनं सिम दुकानात बंद होतं आणि नवं कोरं मिळतं.

ऊन सांगायलाच नको. भुसावळला रोज जाता म्हणजे मे महिना तुम्हाला ठाऊक आहे. तापलेला फोन चार्जिंग हळू करतो किंवा थांबवतो, आणि गरमीत बॅटरी लवकर म्हातारी होते. मोटारसायकलच्या हँडलला लावून दुपारी फिरू नका, टपावर किंवा बॉनेटवर ठेवू नका. कापसाच्या दिवसांत खिशातली रुई त्या भोकांत जाऊन बसते, मग जॅक घट्ट बसत नाही आणि एकाच कानात ऐकू येतं. फोन बंद करून लाकडी दातकोरणीने हलक्या हाताने काढा. टाचणी नको.

आता दुकानात. जळगावला गोलाणी मार्केटला गेलात की एका छताखाली हवी तेवढी दुकानं आहेत. जाताना तुमचा रोजचा इअरफोन आणि चार गाणी भरलेलं कार्ड बरोबर न्या. नुसतं "जॅक आहे ना?" विचारू नका, लावून ऐका. फोन कानाला लावून घरी एक फोनही करून बघा, कारण गाण्यांच्या नादात ते राहून जातं. दुकानदार वैतागेल. बिल पक्कं घ्या, 18 टक्के जीएसटी किमतीत भरताच आहात.

आणि कीपॅडचा फोन विकू नका, त्याचे दोन-तीनशेच येतील. माझा विहिरीवरच्या खोलीत खुंटीला टांगलेला असतो. आत आबांच्या नावाचं सिम आहे, तो नंबरही स्टार्टरमध्ये नोंदवलाय. 2 चं बटण दाबून धरलं की मोटार चालू होते.